आधी चुंबक, मग आच, शेवटी पाणी

पत्र

आदरणीय सर,

मी नववीत शिकते. मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या सगळ्या पद्धतींच्या व्याख्या मला पाठ आहेत, तरीही प्रयोगशाळेत माझा गोंधळ उडाला. लोहकीस, वाळू, मीठ आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) प्रत्येकी ३ ग्रॅम घेऊन केलेले १२ ग्रॅम मिश्रण मला दिले होते. मी त्यात पाणी घातले, ढवळले, गाळले आणि गालित, म्हणजे गाळून खाली आलेले द्रावण, आटवले. बशीत पांढरी खपली मिळाली, पण त्यात मीठ आणि नवसागर एकत्रच होते. गाळणकागदावरचा गाळ दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला, तर तो तपकिरी झाला आणि त्यातला कीस चुंबकाला पूर्वीसारखा चिकटेना. खपली ५.४ ग्रॅम भरली आणि गाळ ६.९ ग्रॅम, म्हणजे बेरीज १२ ग्रॅमपेक्षा जास्त! खपली मी बाटलीत ठेवली आहे. कोणती पद्धत आधी वापरायची हे कसे ठरवायचे? बाष्पीभवन आणि स्फटिकीभवन या दोन्हींत पाणीच काढायचे असते, मग नावे दोन कशाला? आणि 'हाताने वेचणे' असे उत्तर दिल्यावर वर्गातल्या मुली हसल्या. ती खरोखर पद्धत आहे का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तू लिहिलेले ते दोन आकडे. प्रयोग फसला की बहुतेक जण बशी धुऊन मोकळे होतात. तू ती तोलून पाहिलीस, बेरीज जुळत नाही हे लपवले नाहीस आणि खपली जपून ठेवलीस. तुझ्या प्रयोगात काय घडले याची जवळजवळ सगळी हकिकत त्या आकड्यांत आहे. ती आपण पुढे पाहू; आधी क्रमाचा प्रश्न.

व्याख्या पाठ असूनही तुझी अडचण झाली, याचे कारण तू मिश्रण पाहताच 'पद्धत कोणती' असे विचारलेस. त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून गेला: या घटकांमध्ये फरक कशाकशाचा आहे? पद्धत म्हणजे त्या फरकाचा उपयोग करून घेण्याची युक्ती. फरक सापडला की पद्धत आपोआप सुचते, आणि फरक नसेल तर कोणतीही पद्धत चालत नाही. तुझ्या मिश्रणापुरते बोलायचे तर लोखंड चुंबकाकडे ओढले जाते आणि बाकीचे तीन घटक ओढले जात नाहीत. तापवल्यावर नवसागराची वाफ होते; मीठ ८०१ अंश सेल्सियसपर्यंत वितळतसुद्धा नाही आणि वाळूला त्याहून कितीतरी अधिक तापमान लागते. पाण्यात मीठ विरघळते आणि नवसागरही विरघळतो, लोखंड आणि वाळू विरघळत नाहीत. आता हे तीन फरक शेजारी ठेवून पाहा. चुंबकाला प्रतिसाद देणारा घटक एकच आहे आणि साध्या ज्योतीवर वाफ होणाराही एकच आहे, परंतु पाण्यात विरघळणारे मात्र दोन आहेत. जो गुणधर्म एकाच घटकाजवळ आहे त्याच्या आधारे तो घटक निर्धोकपणे बाहेर काढता येतो. जो दोघांमध्ये सामाईक आहे तो वापरायचा असेल, तर त्या दोघांपैकी एक आधी निघून गेलेला असला पाहिजे. तू सामाईक गुणधर्मापासून सुरुवात केलीस, म्हणून मीठ आणि नवसागर एकाच वाटेने गेले आणि एकाच बशीत उतरले.

क्रम ठरवताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते: आताची पायरी पुढच्या पायरीचे साहित्य बिघडवत तर नाही ना? चुंबक फिरवल्याने वाळूचे किंवा मिठाचे काहीच बिघडत नाही, म्हणून ती पायरी सर्वांत आधी. आच चुंबकाच्या आधी का नको, असे तू विचारशील. तापलेला नवसागर धातूच्या पृष्ठभागावर क्रिया करतो. डाख देताना धातूवरचा ऑक्साइडचा थर काढण्यासाठी तो वापरतात तो याच गुणामुळे. तेव्हा नवसागर तापवण्यापूर्वी लोखंड तेथून निघून गेलेले बरे. पाणी सर्वांत शेवटी, कारण ते सगळ्यांनाच भिजवते, काहींना विरघळवते आणि लोखंडाला गंजवते. म्हणून तुझ्या मिश्रणासाठी क्रम असा होतो: कोरड्या मिश्रणातून चुंबक, मग आच, आणि मग पाणी.

चुंबक थेट मिश्रणात बुडवू नकोस. त्याभोवती पातळ कागद गुंडाळ, म्हणजे कीस कागदावर चिकटेल आणि चुंबक आतून ओढून घेतल्यावर तो सहज खाली पडेल. पहिल्या फेरीत किसाबरोबर थोडी वाळू आणि मिठाचे कणही अडकून येतात. तो कीस दुसऱ्या कागदावर पसरून त्यावरून चुंबक पुन्हा फिरवावा, असे दोन-तीन वेळा केले की कीस स्वच्छ होतो. मागे पडलेले कण परत मूळ मिश्रणात टाकायचे, हे मात्र विसरायचे नाही.

नवसागरासाठी पोर्सेलीनच्या बशीत मिश्रण घेऊन त्यावर नरसाळे पालथे घालतात, नरसाळ्याच्या नळीच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा बसवतात आणि बशीला मंद आच देतात. नरसाळ्याच्या थंड आतील बाजूवर पांढरा थर जमू लागतो. पाठ्यपुस्तक याला संप्लवन, म्हणजे स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणे, म्हणते आणि परीक्षेत तूही तसेच लिही. पण तुला आतली गोष्ट सांगायला हवी. सुमारे ३४० अंश सेल्सियसला नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंमध्ये विघटन होते आणि नरसाळ्याच्या थंड भागावर ते दोघे पुन्हा एकत्र येऊन नवसागर तयार होतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते संप्लवन वाटते, आणि पदार्थ जसाच्या तसा परत मिळत असल्यामुळे आपले कामही होते. परंतु आत घडते ते एक रासायनिक विघटन आणि त्याचीच उलट अभिक्रिया आहे. कापराचे किंवा नॅफ्थॅलीनचे संप्लवन होते तेव्हा रेणू तेच राहतात, ते केवळ स्थायूतून वायूत जातात. हे दोन्ही वायू नाकाडोळ्यांना झोंबतात, म्हणून हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि हवा खेळती असलेल्या जागीच करायचा.

यानंतर उरतात मीठ आणि वाळू, आणि येथे तुझी मूळची कृती अगदी योग्य ठरते. मात्र त्यात एक पायरी निसटली आहे, आणि ती तुझे आकडेच सांगतात. मीठ आणि नवसागर मिळून ६ ग्रॅम होते, पण खपली भरली ५.४ ग्रॅम. मग ०.६ ग्रॅम गेले कोठे? गाळणकागदावरचा गाळ कधीच कोरडा नसतो. कणांच्या फटींमध्ये आणि कागदाच्या तंतूंमध्ये द्रावण अडकून राहते, आणि पाणी उडून गेले की त्यातील क्षार तेथेच सुकतात. आता गाळाकडे पाहा. लोखंड आणि वाळू मिळून ६ ग्रॅम, त्यात हे हरवलेले ०.६ ग्रॅम धरले तर ६.६ होतात, आणि तुझा गाळ आहे ६.९ ग्रॅम. वरचे ०.३ ग्रॅम बाहेरून आलेले आहेत. त्यांतला काही भाग न वाळलेले पाणी असेल, आणि काही भाग निश्चितच गंजाचा, कारण लोखंड गंजते तेव्हा ते हवेतील ऑक्सिजन आणि पाणी स्वतःमध्ये सामावून घेते व त्याचे वस्तुमान वाढते. नवसागराचे द्रावण किंचित आम्लधर्मी असल्याने आणि त्यात क्लोराइड असल्याने गंजण्याला वेगही आला. पदार्थ वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. तो वाळवून तोलावा, पुन्हा वाळवून पुन्हा तोलावा, आणि दोन वेळचा आकडा सारखा आला म्हणजेच तो कोरडा झाला असे समजावे.

निसटलेली पायरी म्हणजे गाळ धुणे. स्वच्छ पाणी थोडे थोडे करून गाळावर ओतायचे आणि ते पाणीही गालितातच गोळा करायचे. थोडे थोडे का, हे हिशोबाने पाहा. गाळामध्ये ५ मिलिलिटर द्रावण अडकले आहे असे समज. एकदम १५ मिलिलिटर पाणी ओतून ते निथळू दिले, तर एकूण २० मिलिलिटरपैकी ५ मागे राहतात, म्हणजे अडकलेल्या मिठाचा चौथा भाग गाळातच राहतो. तेच १५ मिलिलिटर पाणी ५-५ असे तीन वेळा ओतले आणि प्रत्येक वेळी पूर्ण निथळू दिले, तर दर वेळी निम्मे मीठ निघून जाते आणि शेवटी आठवा भागच उरतो. पाणी तेवढेच वापरायचे, पण मागे राहणारे मीठ निम्म्याने कमी. प्रयोगशाळेत शिकलेल्या ज्या गोष्टी मला आजवर उपयोगी पडल्या, त्यांत हा साधा हिशोब मी फार वर धरतो.

विरघळलेले मीठ गाळणकागदातून निसटते याचे कारणही जाता जाता सांगतो. कागदाची छिद्रे मायक्रोमीटरमध्ये मोजावी लागतात, तर पाण्यात सुटे झालेले मिठाचे आयन एका नॅनोमीटरहूनही लहान असतात. कलिलातील, म्हणजे दुधासारख्या मिश्रणातील, न विरघळता तरंगत राहणारे कण १ ते १००० नॅनोमीटर या मापाचे असल्याने तेही साध्या गाळणकागदातून पार होतात. म्हणूनच द्रव पदार्थ गढूळ दिसला तरी तो गाळून स्वच्छ होईलच असे नाही. तेथे केंद्रोत्सारणासारखा दुसरा मार्ग घ्यावा लागतो, ज्यात वेगाने फिरवल्यामुळे जड कण तळाशी ढकलले जातात.

आता बाष्पीभवन आणि स्फटिकीभवन. दोन्हींत पाणी कमी होते हे तुझे निरीक्षण बरोबर आहे, पण दोन्हींचा हेतू वेगळा आहे. पूर्ण आटवल्यावर द्रावणात जे जे विरघळले होते ते सगळे बशीत उरते, मीठही आणि मिठातील अशुद्धीही. आटवणे निवड करत नाही. शिवाय सगळेच पदार्थ कोरडे होईपर्यंतची आच सोसत नाहीत. साखरेचे द्रावण तसे आटवले तर साखर करपते. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांमध्ये पाण्याचे रेणू बांधलेले असतात. ते फार तापवले तर हे पाणी निघून जाते आणि हाती पांढरी भुकटी येते. म्हणून मोरचुदाचे द्रावण थोडे आटवून संपृक्त करतात, म्हणजे त्यात आणखी मोरचूद विरघळू शकणार नाही इतके दाट करतात, आणि मग ते न हलवता सावकाश निवू देतात.

स्फटिकीभवनाचे खरे सामर्थ्य निवडीत आहे. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, १०० ग्रॅम पाण्यात ६० अंशांना सुमारे ११० ग्रॅम विरघळतो, आणि २० अंशांना केवळ ३२ ग्रॅमच्या आसपास. मिठाचे तसे नाही; ते २० अंशांना सुमारे ३६ ग्रॅम आणि ६० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम विरघळते, म्हणजे तापमानाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. आता ८० ग्रॅम सोरा आणि १० ग्रॅम मीठ यांचे मिश्रण ६० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात विरघळवले आणि द्रावण २० अंशांपर्यंत निवू दिले तर काय होईल? दोन्ही क्षारांचा एकमेकांवरचा परिणाम बाजूला ठेवला, तर ८० मधून ३२ वजा जाऊन अंदाजे ४८ ग्रॅम सोरा स्फटिकांच्या रूपात बाहेर पडेल, आणि मिठाला मात्र पाण्यात भरपूर जागा असल्यामुळे ते द्रावणातच राहील. हेच द्रावण पूर्ण आटवले असते तर दोन्ही पदार्थ पुन्हा एकत्रच मिळाले असते, अगदी तुझ्या खपलीसारखे. पिएर क्यूरी आणि मेरी क्यूरी यांनी रेडियमचा शोध १८९८ मध्ये जाहीर केला. त्यानंतर मेरी क्यूरींनी रेडियम क्लोराइड बेरियम क्लोराइडपासून वेगळे काढले ते याच तत्त्वाने, विद्राव्यतेतील लहानशा फरकावर विसंबून, पुन्हा पुन्हा विरघळवून आणि पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून. काही टन खनिज-अवशेषांवर काम करून १९०२ मध्ये त्यांच्या हाती आले ते सुमारे एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड. फरक जितका लहान, तितक्या जास्त वेळा तीच कृती करावी लागते.

द्रवांनाही हेच लागू आहे. उत्कलनांकांमध्ये, म्हणजे उकळण्याच्या तापमानांमध्ये, २५ अंशांहून अधिक अंतर असेल तर साधे ऊर्ध्वपातन, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून वेगळी गोळा करणे, पुरते. अंतर कमी असेल तर भागशः ऊर्ध्वपातनाचा स्तंभ लागतो, ज्यात वाफ वर जाताना अनेकदा संघनित होते आणि पुन्हा बाष्परूप घेते, म्हणजे एकाच स्तंभात अनेक ऊर्ध्वपातने होतात. द्रवरूप हवेत नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, आरगॉन उणे १८६ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ ला. शेवटच्या दोघांत अवघ्या तीन अंशांचे अंतर असूनही त्यांना वेगळे केले जाते. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन ही तीन मूलद्रव्ये शोधली ती याच मार्गाने. पण या पद्धतीलाही मर्यादा आहे. इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण कितीही वेळा उकळले तरी वस्तुमानाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉलवर येऊन थांबते, कारण त्या प्रमाणात द्रवाची आणि त्यातून निघणाऱ्या वाफेची घडण सारखीच होते. घडणीतला फरक संपला की ऊर्ध्वपातनाचे कामही थांबते. एक सूचना: आकृती काढताना तापमापीचा फुगा द्रवात बुडवलेला दाखवू नकोस, तो ऊर्ध्वपातनाच्या चंबूच्या बाजूच्या नळीच्या तोंडाशी हवा, कारण आपल्याला बाहेर पडणाऱ्या वाफेचे तापमान हवे असते.

रंजकद्रव्य पृथक्करणाबद्दल, म्हणजे शाईतले रंग कागदावर वेगळे करण्याच्या पद्धतीबद्दल, तू विचारलेले नाहीस, म्हणून एवढेच सांगतो की कागदावरची आरंभरेषा पेन्सिलीने काढावी, कारण ग्रॅफाइट द्रावकाबरोबर वर चढत नाही, आणि शाईचा ठिपका द्रावकाच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर तो कागदावर चढण्याऐवजी भांड्यातच विरघळून जाईल.

वेचण्याचे उत्तर दिल्यावर तुझ्या मैत्रिणी हसल्या, त्यांना ही हकिकत अवश्य सांग. १८४८ मध्ये पंचविशीतला लुई पाश्चर टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक तपासत होता. ते सगळे सारखे दिसत होते, त्यांचे रासायनिक घटकही तेच होते, पण बारकाईने पाहताना त्याच्या लक्षात आले की काही स्फटिकांचे पैलू उजव्या बाजूला झुकलेले आहेत आणि काहींचे डाव्या, जणू एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. त्याने ते एकेक करून हाताने वेगळे केले. दोन ढिगांची स्वतंत्र द्रावणे केली तेव्हा एका द्रावणाने ध्रुवित प्रकाश (ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात असा प्रकाश) उजवीकडे वळवला आणि दुसऱ्याने डावीकडे. हे दोन प्रकार उत्कलनांक, द्रवणांक किंवा विद्राव्यता यांच्या आधारे वेगळे करता आले नसते, कारण त्या बाबतीत ते सारखेच असतात. फरक आकाराचा होता आणि तो डोळ्यांना दिसत होता. वेचणे ही पद्धतच आहे. तिच्यासाठी घटकांचे कण डोळ्यांना ओळखता येतील एवढे मोठे हवेत आणि वेचणाऱ्याजवळ चिकाटी हवी. तुझ्या मिश्रणात ती का चालली नसती, याचे कारण आता तूच सांगू शकशील: मिठाचे आणि नवसागराचे पांढरे बारीक कण नजरेला वेगळे दिसत नाहीत.

तुझ्या पत्रात एक प्रश्न लपलेला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. या पद्धतींना भौतिक का म्हणायचे, आणि मीठ पाण्यात नाहीसे होते तरी तो भौतिक बदल कसा? तुझ्याच प्रयोगात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू घडल्या आहेत. मीठ विरघळले, गाळणकागदातून गेले, आटवल्यावर बशीत मीठ म्हणूनच परत आले. त्याची ओळख कोठेही हरवली नाही. लोहकिसाची मात्र हरवली. त्याचा जो भाग गंजला तो आता लोखंड उरलेला नाही, म्हणून चुंबक त्याला उचलत नाही, आणि गाळून, निवळून किंवा वेचून त्यातील लोखंड परत मिळवता येणार नाही. त्यासाठी रासायनिक अभिक्रियाच करावी लागेल. चुंबक आधी फिरवायला हवा होता तो एवढ्यासाठीच.

तुझी खपली मात्र वाया गेलेली नाही, कारण तिच्यातले दोन्ही घटक जसेच्या तसे आहेत. ती बाटली घेऊन शिक्षकांकडे जा आणि खपली पूर्ण कोरडी करून, कुटून, पुन्हा तोल. मग बशीत घालून वर पालथे नरसाळे ठेवून, त्यांच्या देखरेखीखाली ती मंद आचेवर तापव. मूळ मिश्रणात मीठ आणि नवसागर समान होते आणि गाळात अडकलेल्या द्रावणातही ते त्याच प्रमाणात असणार, म्हणून ५.४ ग्रॅमपैकी बशीत २.७ ग्रॅमच्या आसपास मीठ उरायला हवे. त्याहून बरेच जास्त उरले, तर बशी निवल्यावर नरसाळे पुसून घे, ती पुन्हा तापव आणि नरसाळ्यावर पांढरा थर येणे थांबेपर्यंत थांब. येणारा प्रत्येक आकडा मात्र वहीत लिहून ठेव.